कोंबडी योजनेचे पहिले तीस

माणिकराव अवसरमोल यांनी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत कोणाला कधी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. तालुक्याच्या गावी एका सरकारी ऑफिसात ते वरिष्ठ लिपिक होते. ऑफिस कोणतं ते मी सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांचं तिथे अजून काही काम पडलेलं नाही. त्यांनी सुखानं राहावं.

माणिकरावांची कामाची रीत साधी होती. वरून आलेला कागद खाली पाठवायचा, खालून आलेला वर पाठवायचा, आणि मध्ये 'उचित कार्यवाहीस्तव' असा शिक्का मारायचा. हा कागद का आला, कोणी मागितला, याचं पुढे काय होतं, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं ते सगळे पुढे त्या कागदाचे 'संबंधित कर्मचारी' झाले आणि खुलासे लिहीत बसले. माणिकराव कधी कशाशी संबंधित झाले नाहीत. रोज सकाळी जानेफळहून एस.टी.नं यायचं, संध्याकाळी एस.टी.नं जायचं. जेवणाचा डबासुद्धा बायकोनं, कौशल्याबाईंनी, काय दिलाय ते न विचारता खायचे.

फक्त एक गोष्ट त्यांना सलत होती. त्यांचं टेबल दाराजवळ, पाण्याच्या मटक्याला लागून होतं. त्यामुळे ऑफिसात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर पिशवी ठेवायचा, गटागटा पाणी प्यायचा, उरलेलं फायलींवर सांडायचा आणि विचारायचा, "साहेब हायेत का?" म्हणजे माणिकराव स्वतः साहेब असतील ही शंकासुद्धा कोणाला येत नसे. एकोणतीस वर्षं! माणसानं किती सोसायचं?

अशात अधीक्षकाची जागा रिकामी झाली. अधीक्षकाला केबिन असते. आता केबिन म्हणजे काय, तर प्लायवूडची एक खोली आणि न उघडणारी एक खिडकी. पण तिला दार होतं, आणि दाराला आतून कडी होती. एकदा सगळे गेल्यावर माणिकराव हळूच आत गेले होते, कडी लावून पाच मिनिटं नुसते बसले होते, आणि त्या पाच मिनिटांत कोणी त्यांना 'साहेब हायेत का' असं विचारलं नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चौदा महिने का होईना, आपल्याला एक दार असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव त्यांचंच होतं. दुसरं दीपक तायडेचं.

सगळं सुरळीत होतं, आणि निशिगंधा मॅडम बदलून आल्या. नवीन साहेब, वयानं लहान, बोलायला गोड आणि उत्साह विचारू नका. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी प्रशिक्षण ठेवलं: 'जिज्ञासा जोपासा: वैयक्तिक व व्यावसायिक विकासाचा राजमार्ग'. बाहेरगावाहून एक व्याख्याता आला. त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि 'तुम्हाला शेवटचं कुतूहल कधी वाटलं ते आठवा' म्हणाला. माणिकरावांनी डोळे मिटले. पुढचं त्यांना थेट चहाच्या वेळेचं आठवतं.

चहानंतर मॅडम म्हणाल्या, "महिनाभरात प्रत्येकानं तीस प्रश्न विचारायचे. कोणालाही विचारा, पण मनापासून. आणि वहीत लिहून ठेवा. पंचवीस तारखेला तीन वाजता अधीक्षकपदाच्या शिफारशीसाठी समिती बसतेय. त्या दोघांच्या वह्या मी स्वतः बघणार आहे."

माणिकरावांनी रिकाम्या केबिनकडे पाहिलं. दार समोर होतं, आणि मध्ये तीस प्रश्न उभे राहिले.

आता मॅडमनी नुसती वही म्हटलं होतं. पण ज्या माणसानं एकोणतीस वर्षं सही नसलेला कागद हातात धरला नाही तो नुसती वही कशी ठेवील? आपण प्रश्न विचारला याला पुरावा काय? माणिकरावांनी शंभर पानी रजिस्टर घेतलं, पट्टीनं रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, गाव, प्रश्न, उत्तर, सही अथवा अंगठा, शेरा. आणि अंगठ्यासाठी ऑफिसातला स्टॅम्प पॅड पिशवीत टाकला. पुढचं सगळं रामायण त्या स्टॅम्प पॅडनं केलं, पण त्या दिवशी तो बिचारा पिशवीत गपगार पडून होता.

सुरुवात घरापासून करावी म्हणून सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बराच वेळ काही सुचेना. एकोणतीस वर्षं न वापरलेली वस्तू, ती काय लगेच चालू होते? शेवटी म्हणाले, "भाजीत काय घातलं?"

कौशल्याबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "काऊन? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सहज? एकतीस वर्षांत कधी सहज इचारलं नाई तुमी." त्यांनी माणिकरावांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं, त्यानं त्या जास्तच घाबरल्या.

"शेंगदाण्याचा कूट घातला, असं लिहितो. इथं सही कर."

झालं! नवरा सकाळी सकाळी रजिस्टरवर सही मागतो म्हटल्यावर कोणती बाई सही करील? "मी माह्या भावाले इचारल्याबिगर कोणत्याच कागदावर सही करत नाई," त्या म्हणाल्या. "वावर कोणाच्या नावानं करून राह्यले का?" आणि अकोल्याच्या मुलीला, राखीला, त्यांनी फोन लावला की पप्पांचं काहीतरी बिनसलंय, डॉक्टरची वेळ घेऊन ठेव.

घर जमेना म्हणून माणिकराव शेजारी गेले. शेजारी शंकरराव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सल्ला द्यायला कारण लागत नाही, समोर माणूस लागतो. ते म्हणाले, "प्रश्न वजनदार पाहिजे, माणिकराव. आत्मा म्हणजे काय, असा काहीतरी." माणिकराव म्हणाले, आत्म्याचं राहू द्या, तुमची म्हैस दूध काढताना डोळे काऊन मिटते तेवढं सांगा. शंकरराव एकदम गंभीर झाले. "म्हणजे तुम्ही रोज पाहता?" त्यांनी विचारलं. संध्याकाळी म्हशीच्या गळ्यात काळा दोरा आला, दोन्ही अंगणांच्या मध्ये पोत्याचा पडदा आला, आणि उतरवून टाकलेल्या मिरच्यांचा धूर माणिकरावांच्या ओसरीत आला. खोकता खोकता त्यांनी पहिल्या पानावर शेरा लिहिला: 'उत्तर अप्राप्त'.

ऑफिसात तर बोलूच नका. त्यांनी कडूबाला, म्हणजे शिपायाला, सहज विचारलं, "कडूबा, हा मटका रोज किती वाजता भरतो बे?" दुसऱ्या दिवशी टेबलावर लेखी खुलासा: 'मी मटका वेळेत भरला होता. मटका गळका असल्याचे पूर्वी तोंडी कळवले आहे. तरी माझ्यावर अन्याय होऊ नये.' दीपक तायडेला विचारलं, "दुपारी दिसत नाहीस, कुठं जातोस?" तर त्यानं संध्याकाळपर्यंत मागच्या चार दुपारच्या रजेचे अर्ज आणून दिले. चौकशी लागली, ही बातमी पंधरा मिनिटांत ऑफिसभर झाली, आणि बारा वर्षं एकत्र डबा खाणारी माणसं माणिकरावांना पाहून डबे झाकायला लागली. विचार करा, भल्या माणसावर काय ही वेळ!

पंधरा तारीख उजाडली. रजिस्टरवर एक सही नाही, अंगठा नाही. दीपकनं मात्र मोबाईलवरून तीस प्रश्न तीस उत्तरांसकट उतरवून वहीला प्लास्टिकचं कव्हरसुद्धा घातलं होतं. माणिकरावांना झोप लागेना.

पोत्याच्या पडद्यापलीकडून शंकररावांनाच दया आली. "ओळखीच्या माणसाले इचारू नका हो," ते म्हणाले. "त्याले वाटते याचा काहीतरी डाव हाये. अनोळखी ठिकाणी जा. बीबी गावच्या बाजारात जा."

सल्ला पटला. बाजाराच्या दिवशी रजा टाकून माणिकराव बीबीला उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रजिस्टर, हातात स्टॅम्प पॅड. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. रोजच्या सवयीनं घातलं गेलं होतं आणि काढायचं लक्षात आलं नव्हतं. असा माणूस गावात शिरला की गाव त्याच्याकडे कसं पाहतं, हे पंचनामे आणि सर्वे पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. ते फक्त माणिकरावांच्या लक्षात आलं नाही.

बाजाराच्या टोकाला लिंबाखाली एक बाई डालग्यात सहा कोंबड्या घेऊन बसली होती. वच्छलाबाई तिचं नाव. कोंबड्या अगदी गप्प, माना आत घेऊन बसल्या होत्या. माणिकराव त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि काय आश्चर्य, त्यांच्या आत खरोखरच काहीतरी हललं. त्यांना खरंच वाटलं, हे विचारावं.

"मावशी," ते उकिडवे बसून म्हणाले, "कोंबडीले समजत असंल का हो, आज बाजार हाये म्हणून?"

वच्छलाबाईनं आधी ओळखपत्र पाहिलं. मग रजिस्टर पाहिलं, मग स्टॅम्प पॅड. मग पदर सावरून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "आधी हे सांगा साहेब, कोंबड्या जास्त सांगितल्या तर भेटते का कमी सांगितल्या तर?"

"कितीही असू द्या. मले फक्त एवढंच पाहिजे की..."

"मंग चाळीस लिहा."

"इथं तर सहाच दिसतात."

"बाकीच्या घरी हायेत. लिहा ना हो, तुमच्या खिशातलं थोडं जाते?"

माणिकरावांनी वाद घातला नाही. समोरच्यानं सांगितलं ते लिहायचं, हीच त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रश्न: कोंबडीस बाजाराचा दिवस समजतो काय? उत्तर: चाळीस.' आणि वच्छलाबाईचा डावा अंगठा पॅडवर टेकवून रकान्यात उमटवला.

तो अंगठा उठला मात्र, आणि बाजार उठला. लसूणवाली आली, बांगडीवाली आली, चपला शिवणं टाकून एक म्हातारा आला. प्रश्न ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. 'उत्तर: पंचवीस, अन् दोन शेळ्या.' 'उत्तर: होत्या, मुंगसानं खाल्ल्या, नुकसान धरा.' 'उत्तर: कोंबड्या नाहीत, पण पाळायची तयारी हाये.' माणिकराव लिहीत होते, अंगठे घेत होते. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतले सहदेवराव माजी सरपंच खुर्ची, चहा आणि चार कार्यकर्ते घेऊन हजर झाले.

"साहेब, आधी ग्रामपंचायतले कळवाले पायजे होतं," त्यांनी लाडिक तक्रार केली. "पण असू द्या. ए, लाइन लावा रे! बाया इकडून, माणसं तिकडून!"

"अहो, ही योजना नाही," माणिकराव कळवळून म्हणाले. "मी आपलं सहज विचारून राह्यलो."

सहदेवराव लाइनीकडे वळून हसले. "पाह्यलं? सुरुवातीले सगळे साहेब असंच म्हंतात. गर्दी नाई झाली पायजे म्हणून. लई हुशार माणूस हाये."

आता खरं सांगायचं तर माणिकरावांनी इथेच उठायला हवं होतं. पण एक लक्षात घ्या, त्यांच्या बुडाखाली खुर्ची होती, हातात चहा होता, समोर शंभर माणसं रांगेत उभी होती, आणि त्यातला प्रत्येक जण त्यांना साहेब म्हणत होता. तुम्ही उठला असता? ते बसले. रस्त्यापलीकडे गोपालच्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाच्या कॉप्या काढून काढून मशीन गरम झालं आणि बंद पडलं, तरी ते बसले होते.

तिसाव्या अंगठ्याला मात्र त्यांनी टोपण पेनाला लावलं, रजिस्टर मिटलं आणि भोळेपणानं जाहीर केलं, "झाले तीस. बस, मले तीसच पाहिजे होते."

मग जो कल्लोळ उठला! तीसच? तीस काऊन? बाकीचे काय गावाबाहेरचे आहेत का? कोटा कोणी ठरवला? एकतिसावी उभी असलेली बाई तर रडायलाच लागली. माणिकराव रजिस्टर छातीशी धरून जे पळाले ते थेट चालू एस.टी.त चढले. मागून सहदेवरावांचा आवाज येत होता: "साहेब, यादी बोर्डावर लावा! यादी!"

इतकं होऊनही माणूस खुशीत होता. बसमध्ये पानं उलटून पाहत होता. तीस प्रश्न, तीस अंगठे, सगळं रीतसर. दार आपलंच, असं त्यांना वाटलं. मला तर या माणसाची कीव येते.

चार दिवसांनी शंकररावांनी पोत्याचा पडदा स्वतःहून बाजूला केला. "माणिकराव, ऐकलं का? कोंबडी योजना आली! पहिले तीस बीबीचे घेतले म्हणे. आपल्या जानेफळचं नावच नाही. तुम्ही सरकारी माणूस असून माहीत नाही?" घरात कौशल्याबाई वाट पाहतच होत्या. मोबाईलवर आलेला संदेश त्यांनी पुढे धरला: 'ज्यांच्याकडे कोंबडी त्यांनाच लाभ, त्वरा करा.' त्या म्हणाल्या, "दोन घेऊन ठेवल्या म्या. आता गावात एक कोंबडी भेटून नाई राह्यली. आपलं नाव घालाल का दुसऱ्याचंच घालसाल?" परसात दोन कोंबड्या माणिकरावांच्या चपलेवर बसल्या होत्या. त्या कोणी विकल्या, हे त्यांनी जुन्या सवयीनं विचारलं नाही.

मग कागद सुरू झाले. सहदेवरावांचं निवेदन जिल्ह्याला गेलं. जिल्ह्याहून पत्र आलं: 'आपल्या कार्यालयामार्फत सुरू असलेल्या कुक्कुट सर्वेक्षणाची माहिती तात्काळ सादर करावी.' पत्र कोणाच्या टेबलावर आलं? मटक्याशेजारच्या. माणिकरावांनी ते दोनदा वाचलं. घाम पुसला. मग हातानं आपण होऊन शिक्का उचलला आणि मारला: 'उचित कार्यवाहीस्तव'. पत्र खाली गेलं. खालच्यांनी 'असे सर्वेक्षण या स्तरावर नाही, वर विचारावे' म्हणून वर पाठवलं. पुन्हा माणिकराव. पुन्हा शिक्का. चार दिवस त्या कोंबड्या ऑफिसच्या जिन्यावरून नुसत्या वरखाली होत होत्या, आणि दर वेळी माणिकरावांच्या टेबलावर टेकून जात होत्या. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. अजूनही ते संबंधित नव्हते.

पंचवीस तारीख आली. समिती तीनला. आणि साडेबाराला बीबीची माणसं आली.

दोन टेम्पो भरून आली. ज्यांचं नाव यादीत होतं ते कोंबड्या दाखवायला आले, ज्यांचं नव्हतं ते ओरडायला आले. ऑफिसचं आवार भरलं. 'तीसचे तीनशे करा!' अशा घोषणा सुरू झाल्या. निशिगंधा मॅडम पायरीवर आल्या. त्यांच्या मागे दीपक तायडे, त्याच्या मागे कडूबा, आणि सगळ्यांच्या मागे मटक्याच्या आडोशाला माणिकराव.

"कसला सर्वे? कोणी केला?" मॅडमनी विचारलं.

"तुमचेच साहेब होते," सहदेवराव म्हणाले. "चश्मा, पांढरा शर्ट, दोन पेन." आता चश्मा, पांढरा शर्ट आणि दोन पेनं त्या ऑफिसात नऊ जणांकडे होती. माणिकरावांनी शांतपणे एक पेन खिशातून काढून पँटच्या खिशात घातलं. गप्प बसायचं, एकोणतीस वर्षं जमलं, अडीच तास जमणार नाही?

आणि गर्दीतून वच्छलाबाई पुढे आली. तिच्या मागे तिच्या दोन लेकी, आणि तिघींच्या डोक्यावर डालगी. तिनं डालगं पायरीवर ठेवलं आणि हात जोडले. "मोजून घ्या बाईसाहेब. चाळीस हायेत. म्या त्या दिवशी जास्त बोलली होती. माह्या सहाच होत्या. पण अंगठा देऊन बसली ना मी! खोटं निघालं तर धरून नेतीन म्हंतात. मंग बहिणीच्या आणल्या, दोन्ही लेकींच्या आणल्या. चार गावच्या हायेत, पण भरल्या चाळीस. आता तरी काई करू नका." आठ दिवस ती बाई कोंबड्या गोळा करत फिरली होती.

माणिकरावांना एकदम लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापली अशी. मटक्याआडून ते केव्हा निघाले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"मावशी, कोणी नेत नाही तुमाले," ते म्हणाले. "मॅडम, ते मीच होतो. योजना नाही, सर्वे नाही, काहीच नाही. तुम्ही प्रश्न विचारायला सांगितले, म्हणून मी विचारला. अंगठे माझ्याच डोक्यातलं खूळ. त्या पत्रांवरचे शिक्केसुद्धा माझेच आहेत. यांचा काही दोष नाही."

सहदेवरावांना पटेना. "म्हंजे साहेब, नुसतंच इचारलं? कशासाठीच नाई?"

"हो. कोंबडीले बाजार समजते का, एवढंच मले पाहिजे होतं."

लोक फसवणूक समजू शकतात, घोटाळा समजू शकतात. पण सरकारी माणूस तीस किलोमीटर येऊन कोंबडीच्या मनातलं विचारतो, यापुढे त्यांचा रागच खचला. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. "चला रे," सहदेवराव वैतागून म्हणाले, "याच्यात काई दम नाई." गर्दी टेम्पोकडे वळली, आणि त्या रेटारेटीत वच्छलाबाईची तिन्ही डालगी उलटी झाली.

चाळीस कोंबड्या! काही जिन्यावर, काही जीपखाली, तीन थेट रेकॉर्ड रूममध्ये. वच्छलाबाई कपाळाला हात लावून खाली बसली. "आता माय, कोणाची कोणती?"

मॅडम माणिकरावांकडे बराच वेळ पाहत होत्या. त्यांना राग आला होता, पण नुसता रागच आला होता असं दिसत नव्हतं. "तीन वाजता वही घेऊन आत या," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं कडूबानं मागून कानाशी लागून सांगितलं, "साहेब, मॅडम आत म्हणून राह्यल्या होत्या का स्वतःहून कबूल करणारा माणूस पहिल्यांदा पाह्यला. तुमचं काम होते वाटते." कडूबानं त्यांना साहेब म्हटलं होतं, तेही पहिल्यांदाच. दार आता अगदी हाताशी आलं होतं.

पण अजून सव्वा तास होता, आणि आवारात कोंबड्या होत्या. माणिकराव पँट वर ओढून त्या धरायला लागले. एक धरली, दुसरी सुटली. तेव्हा वच्छलाबाई उठली. "थांबा साहेब, तुमी पळू नका, त्या भेतात." तिनं लेकीकडून मूठभर ज्वारी घेतली आणि गळ्यातून बारीक आवाज काढला, "ती ती ती ती." आवारातल्या सहा कोंबड्यांनी माना वर केल्या आणि धावत आल्या. बाकीच्या चौतीस जागच्या हलल्या नाहीत.

माणिकराव तोंड उघडं टाकून उभे राहिले. "हे कसं काय?"

"माह्या हायेत ना त्या. माहा आवाज वळखतात."

"मग बहिणीच्या?"

"बहीण वेगळं बोलावते. आता पाहा." तिनं जीभ टाळूला लावून आवाज काढला, "कुर्र, आ आ, कुर्र." रेकॉर्ड रूममधून दोन आल्या, जिन्यावरून सात आल्या. "घरोघरची हाक वायली असते. थोरल्या लेकीच्या घरी चमचानं ताटली वाजवतात."

"का पण? सगळ्यांची एकच काऊन नसते?" माणिकराव तिच्या शेजारी मातीत फतकल मारून बसले. "अन् पिल्लू कितव्या दिवशी शिकते? अन् विकली तर? नव्या घरची हाक शिकाले किती दिवस लागतात?" प्रश्नांमागून प्रश्न येत होते. रजिस्टर कुठे ठेवलं हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. त्यांना मजा वाटत होती. साध्या शब्दांत सांगायचं तर हा माणूस कितीतरी वर्षांनी खुश होता. वच्छलाबाईलाही आता भीती उरली नव्हती. ती लेकीला दटावून ताटली आणायला सांगत होती.

"साहेब, तीन वाजले," कडूबा येऊन म्हणाला.

"हो, आलोच."

जीपखालची एक पांढरी कोंबडी कोणत्याच हाकेला येत नव्हती; रंगावरून ती बहिणीची, असं वच्छलाबाई म्हणत होती. बहिणीची हाक झाली, दोन्ही लेकींची झाली. माणिकराव पोटावर झोपून जीपखाली शिरले. इस्त्रीचा शर्ट ऑइलनं माखला.

"साहेब, दोनदा नाव पुकारलं तुमचं," कडूबा पुन्हा आला.

"थांब बे, जरा."

तिसऱ्यांदा तो धापा टाकत आला. "साहेब, आता तरी उठा! आतमध्ये दीपकसाहेबाचं नाव लिहून राह्यले!"

माणिकराव जीपखालून मागे सरकत बाहेर आले. केसात माती, गालावर ऑइल, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत नुकतंच घातलेलं, अजून गरम असलेलं एक अंडं.

"लिहू दे," ते म्हणाले. "तू आधी इकडं ये अन् मले एक सांग कडूबा. कोंबडी हिच्या बहिणीची, आणली हिनं, ज्वारी खाल्ली लेकीची, अन् घातलं सरकारी जीपखाली. आता हे अंडं कोणाचं?"

कडूबा त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि अंड्याकडे निरखून पाहू लागला.